फोटोओळीतली नावं

कोल्हापुरातल्या दैनिकात कॅमेरा घेऊन शिकायला आलेल्या मुलाला किंवा मुलीला पहिलं काम मिळतं ते निवेदनाचं. महापूर, खासबागेतली कुस्ती, जोतिबाची यात्रा ही सगळी पुढची गोष्ट. दुपारच्या आत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात कुठली तरी संघटना येते. दहा-बारा माणसं दाटीनं उभी राहतात, पुढाऱ्याच्या हातातला कागद अधिकाऱ्याच्या हातात जाता जाता मध्येच थांबतो आणि सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. फोटो काढायला मिनिटही लागत नाही. काम सुरू होतं ते त्यानंतर. खिशातून वही काढायची आणि डावीकडून एकेकाचं नाव लिहून घ्यायचं.

मी इथल्या एका दैनिकात शिकाऊ छायाचित्रकार म्हणून रुजू झालो तेव्हा डेस्कवरचे एक वयस्क उपसंपादक फोटोकडे बघायच्या आधी वहीकडे बघायचे. नावं नसलेला फोटो ते पानावर घ्यायचेच नाहीत. आमच्याकडे एका गावात एकाच आद्याक्षराचे तीन पाटील असतात आणि तिघंही एकाच फोटोत उभे राहतात. तेव्हा वडिलांचं नाव विचारायचं, गाव विचारायचं. गावही नुसतं विचारून भागत नाही. शिरोली म्हटलं की पुलाची शिरोली की शिरोली दुमाला? चिखली म्हटलं की पंचगंगेच्या उगमाजवळची प्रयाग चिखली की कागल तालुक्यातली? वडगाव म्हणजे पेठ वडगावच ना? हे प्रश्न तेव्हा कंटाळवाणे वाटत. पुढे पुराच्या दिवसांत कळलं की कुठल्या चिखलीत पाणी शिरलं हे चुकीचं छापलं गेलं, तर मुंबई-पुण्यात नोकरीला असलेल्या कुणाच्या तरी जिवाला रात्रभर घोर लागतो.

पत्रकारितेच्या पुस्तकात छायाचित्रकाराला प्रकाश शिकवतात, चौकट शिकवतात. स्थानिक वृत्तपत्रात तो आधी माणसांची नावं शिकतो, आणि माझ्या मते हेच या उमेदवारीतलं सर्वांत मोलाचं शिक्षण आहे. हा लेख त्या उमेदवारीबद्दल आहे. ज्यांच्या हातून या शहराचा रोजचा चेहरा छापला जातो, त्या मुलांचं स्वतःचं नाव मात्र त्याच पानावर बहुतेक वेळा नसतं, हे मला टोचत आलेलं आहे.

कॅमेऱ्याशी या गावाचं नातं जुनं. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. त्याच्या बाजूनं रोज हजारो दुचाक्या जातात. नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू सिनेमाच्या वेडानं झपाटले. कॅमेरा परदेशातून आणण्याऐवजी आपणच बनवू, असा त्यांनी ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी सहकाऱ्यांना हाताशी धरून काम तडीस नेलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर यांनी १९२९ मध्ये इथेच ‘प्रभात’ उभी केली, ती १९३३ मध्ये पुण्याला गेली. दामले-फत्तेलाल शाळेत जाऊन सिनेमा शिकले नव्हते. बाबूरावांच्या कार्यशाळेत सुतारकाम, रंगकाम, यंत्र आणि कॅमेरा हे सगळं एकाच छताखाली चालायचं आणि उमेदवार पडेल ते काम करत शिकायचा. उस्तादाजवळ राहून शिकण्याची ही रीत कोल्हापुरात तालमीत आहे, उद्यमनगरच्या वर्कशॉपांत आहे, गुजरीतल्या सोनारांकडे आहे आणि वृत्तपत्राच्या छायाचित्र विभागातही आहे.

वृत्तपत्रांचीही परंपरा तशीच. बाळासाहेब पाटलांचा ‘सत्यवादी’, ग. गो. जाधवांनी १९३९ मध्ये दैनिक केलेला ‘पुढारी’, पुढे १९८० मध्ये ‘सकाळ’ची कोल्हापूर आवृत्ती. त्याआधी, ३१ जानेवारी १९२० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत ‘मूकनायक’ सुरू केला, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. छापलेल्या शब्दाची किंमत या संस्थानाला ठाऊक होती.

छापलेल्या फोटोची किंमत मात्र तेव्हाच्या छापखान्याला परवडणारी नव्हती. खिळे जुळवून पान बांधण्याच्या काळात फोटो छापायचा तर ब्लॉक करावा लागे. जाळीच्या पडद्यातून छायाचित्राचे ठिपके करायचे, ते जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे, आम्लात पत्रा खायला लावायचा, मग तो लाकडावर ठोकून पानात बसवायचा. या रीतीनं वृत्तपत्रात छायाचित्र छापण्याची सुरुवात मानली जाते ती न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’मधल्या ४ मार्च १८८० च्या चित्रापासून. ते चित्र राजवाड्याचं किंवा मिरवणुकीचं नव्हतं; शहरातल्या झोपड्यांच्या वस्तीचं होतं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे ब्लॉक महाग, म्हणून पुढाऱ्याचा एकदा केलेला ब्लॉक जपून ठेवायचा आणि भाषण झालं की पुन्हा लावायचा, असं चाले. सामान्य माणसाचा चेहरा वर्तमानपत्रात सर्रास यायला ऑफसेट छपाई यावी लागली.

आता शिकायला येतं कोण? शिवाजी विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागातली मुलं येतात. अभ्यासक्रमातच प्रत्यक्ष कामाचा भाग असतो. गडहिंग्लज, चंदगड, राधानगरी, भुदरगडकडची मुलं असतात, घरातली पहिलीच पदवीधर. काही जण लग्नाच्या फोटोग्राफरकडे दोन-तीन हंगाम लाइट धरून आलेले असतात. या शेवटच्या गटाला कॅमेऱ्याची बटणं अंधारात सापडतात, पण एक सवय मोडायला वेळ लागतो. लग्नात फोटोग्राफर राजा असतो. तो थांबा म्हटला की भटजीही थांबतात. हार पुन्हा घालायला लावतो, अक्षता पुन्हा टाकायला लावतो. बातमीत असं काही करायचं नसतं. झालं ते झालं. मोर्चात पोलिसानं काठी उगारली ती तुमच्यासाठी दुसऱ्यांदा उगारली जाणार नाही, आणि कुणाला तसं करायला सांगणं हा खोटेपणा आहे. ‘इकडे बघा’ म्हणायची जीभ आवरणं ही वृत्तछायाचित्रकाराची पहिली तालीम.

मुलीही आता येऊ लागल्या आहेत, कमी असल्या तरी. त्यांना अडवतो तो रात्रीचा विसर्जनाचा बंदोबस्त आणि घरच्यांची काळजी. मात्र एक गोष्ट मी पुष्कळदा पाहिली आहे. पूरग्रस्तांच्या निवारा केंद्रात, बाळंतिणीच्या वॉर्डात, ऊसतोडणी कामगारांच्या पालावर मुलगी कॅमेरा घेऊन गेली की बायका मोकळ्या होतात. जे चित्र वर्षानुवर्षं आमच्या पानांवर आलंच नाही, ते त्या आणतात.

उमेदवारीची खरी शाळा म्हणजे कोल्हापूरचं वर्षाचं चक्र. हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर फुटबॉल. पाटाकडील तालीम आणि दिलबहार, खंडोबा आणि प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. पेठापेठांची इर्षा मैदानात उतरते आणि स्टँड भरून वाहतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. इथे शिकाऊ मुलाला कळतं की चेंडू बघत बसलं तर गोल चुकतो. गोलपोस्टच्या मागच्या कोपऱ्यात बसायचं, शटर हजाराच्या पुढं ठेवायचं आणि स्ट्रायकरच्या खांद्याकडे लक्ष द्यायचं. पायाच्या आधी खांदा बोलतो. आणखी एक, गोल झाल्यावर कॅमेरा लगेच स्टँडकडे वळवायचा. कित्येकदा उद्याचा फोटो मैदानात नसून स्टँडमध्ये असतो, कठड्यावर चढून शर्ट फिरवणाऱ्या एखाद्या आजोबांचा.

चैत्रात जोतिबाची यात्रा. सासनकाठ्या डोंगरावर नाचत येतात, ‘चांगभलं’चा गजर होतो आणि गुलालानं वाडी रत्नागिरीचं आकाश गुलाबी होतं. त्या गुलालाचा कण लेन्सच्या खाचेत गेला की दुरुस्तीचा खर्च शिकाऊ पोराच्या महिन्याभराच्या कमाईहून जास्त. म्हणून कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी, वर रबर, आणि तिथं लेन्स अजिबात बदलायची नाही. हे ज्ञान कुठल्याच पुस्तकात नाही, वरिष्ठानं स्वतःच्या पिशवीतली एक पिशवी काढून दिली की ते मिळतं.

अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव ही या सगळ्यात अवघड परीक्षा. नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस-फेब्रुवारीच्या आरंभी मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, कटांजन असा त्यांचा प्रवास शहर श्वास रोखून बघतं. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी वर, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, अशी अपेक्षा. ढग आला, हवेत धूळ-बाष्प असलं किंवा किरणांच्या वाटेत एखादं बांधकाम आलं की किरणं कमरेपाशीच विरतात, आणि दुसऱ्या दिवशी घराघरांत त्याचीच चर्चा. छायाचित्रकाराच्या हातात असतात मोजकी मिनिटं. फ्लॅश मारायचा नाही, भाविकांच्या आणि पुजाऱ्यांच्या वाटेत यायचं नाही, गर्दी पाठीवर रेटा देतेय, आत अंधार आणि एक सोनेरी पट्टा. किरणांच्या उजेडावर मोजमाप धरलं तर बाकी सारं काळं पडतं, अंधारावर धरलं तर किरण पांढरे फटक होतात. हे गणित इथे सोडवता आलं तर जगात कुठेही सोडवता येतं.

त्यातही एक पथ्य पाळायचं असतं, आणि ते प्रत्येक शिकाऊ मुलाला सांगावं लागतं. दरवर्षी एकाच जागेवरून एकच चित्र येत असेल तर ते पुरेसं आहे, असं समजू नये. किरणं पडत असताना वळून लोकांच्या चेहऱ्यांकडे बघावं. तिथं पेठेतली आजी असते, नोकरीवरून थेट आलेली परिचारिका असते, बेळगावहून आलेलं कुटुंब असतं. माझ्या पाहण्यातली किरणोत्सवाची सर्वांत चांगली छायाचित्रं देवीकडे पाठ करून काढलेली होती.

दसऱ्याला दसरा चौकातला शाही सोहळा, मेबॅक गाडीतून येणारे छत्रपती, शमीपूजन. अनंत चतुर्दशीला तुकाराम माळी तालमीच्या मानाच्या गणपतीपासून दुसऱ्या दिवसापर्यंत चालणारी मिरवणूक. जयसिंगपूरची ऊस परिषद आणि त्यानंतरचं ऊसदराचं आंदोलन. यांवर वेगवेगळं लिहीत बसत नाही. या सगळ्यांतून शिकाऊ माणूस गर्दीत उभं राहायला, पाणी बरोबर ठेवायला आणि बॅटरी जपायला शिकतो.

खरी कसोटी लागते ती पावसाळ्यात. राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी ही जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरची पहिली बातमी असते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, एकेकातून १४२८ क्युसेक, हे चहाच्या गाड्यावर बोललं जातं. शिकाऊ छायाचित्रकाराला त्या दिवसांत आधी सुतारवाड्यात पाठवतात, कारण शहरात पाणी पहिल्यांदा जयंती नाल्याच्या अंगानं तिथं शिरतं. माणसं भांडी, पुस्तकं, देवाचा फोटो घेऊन बाहेर पडत असतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, दुधाळी, व्हीनस कॉर्नर. जिथं पाणी येईल असं कुणी मनातही आणलं नव्हतं तिथं बोटी फिरल्या. प्रयाग चिखली आणि आंबेवाडी रिकामी करावी लागली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद पडला. उपसा केंद्रं बुडाल्यानं ज्या शहराभोवती पाणीच पाणी, त्या शहराच्या नळाला पाणी नव्हतं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणेशोत्सवासाठी तयार केलेल्या मूर्ती भिजून विरघळल्या. शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. दोन वर्षांत, जुलै २०२१ मध्ये, पाणी पुन्हा ५६ फुटांपर्यंत चढलं.

त्या दिवसांतली छायाचित्रं जगभर गेली. वृत्तसंस्थांची, वाहिन्यांची माणसं हेलिकॉप्टर आणि ड्रोन घेऊन आली, चार दिवसांनी परत गेली. महामार्ग वरून कसा दिसतो हे त्यांनी दाखवलं आणि ते गरजेचं होतं. पाणी ओसरल्यावर कुंभार गल्लीतला माणूस चिखलातून साचे शोधतोय, शिरोळ तालुक्यात मेलेल्या म्हशीशेजारी घरधनीण बसून आहे, दुकानदार भिजलेल्या वह्या उन्हात एकेक पान उलगडून वाळवतोय, ही चित्रं काढायला इथंच राहणारं माणूस लागतं. त्याला पंचनामा कधी होणार ते माहीत असतं. नुकसानभरपाईच्या यादीत कुणाचं नाव राहिलं हेही त्याच्या कानावर येतं, कारण वहीत त्या माणसाचं नाव लिहिलेलं असतं.

असंच २०२४ मध्ये झालं. १ ऑगस्टला फ्रान्समधल्या शातोरू इथं स्वप्नील कुसाळेनं ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक जिंकलं. पदक गळ्यात घातलेला त्याचा फोटो जगातल्या वृत्तसंस्थांनी क्षणात पोचवला. त्या वेळी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीत त्याच्या घरात, अंगणात, गल्लीत काय चाललं होतं हे दाखवणारं कोण होतं? इथल्या वृत्तपत्रांचे छायाचित्रकार. जिल्ह्याच्या दृष्टीनं दोन्ही फोटो सारख्याच तोलाचे.

मोबाइलनं हे सगळं बदललं, असं म्हटलं जातं. बदललं हे खरंच. घटना घडल्यावर दहा मिनिटांत डेस्कच्या व्हॉट्सअॅपवर पन्नास फोटो येऊन पडतात आणि छायाचित्रकार अजून ट्रॅफिकमध्ये असतो. पण त्या पन्नासांत गेल्या पुरातले दहा असतात, दुसऱ्या जिल्ह्यातले पाच. दर पावसाळ्यात जुने व्हिडिओ नवे म्हणून फिरतात आणि लोकांची धावपळ उडते. अशा वेळी शिकाऊ मुलाला डेस्कजवळ बसवून फोटो तपासायला शिकवावं. दुकानाचा बोर्ड वाचायचा. ते दुकान आता तिथं आहे का? शिवाजी पुलाच्या कठड्याशी पाणी कुठवर आहे, ते आजच्या फुटांशी जुळतं का? भिंतीवर कुठल्या निवडणुकीचं पोस्टर आहे? झाडांची सावली कुठं पडली आहे? पाठवणाऱ्याला फोन लावून मूळ फोटो मागायचा. ज्यानं रोज गल्लीबोळ पालथे घातले आहेत त्यालाच हे जमतं. स्थानिक छायाचित्रकाराची गरज मोबाइलनं कमी केलेली नाही. त्याच्या जबाबदारीत भर घातली आहे.

जबाबदारीचा दुसरा भाग काय छापायचं नाही हा. अल्पवयीन पीडित मुलाची ओळख उघड करायला पोक्सो कायद्याची मनाई आहे, बाल न्याय कायद्याचीही आहे. चेहरा झाकला की झालं, असं अनेक नवख्यांना वाटतं. घराचा दरवाजा, शाळेचा गणवेश, आईचा चेहरा, गल्लीचा बोर्ड यांतूनही गावाला कळतं. महानगरात हे कदाचित खपेल. आमच्याकडे वाडीत तीस घरं असतात. अपघाताच्या जागी जखमी पडलेला असताना आधी हात द्यायचा की फोटो घ्यायचा, हा प्रश्नही प्रत्येकाला पहिल्याच महिन्यात भेटतो. माझं मत स्पष्ट आहे. तिथं मदत करणारं दुसरं कुणी नसेल तर कॅमेरा गळ्यात राहू द्यावा आणि हात मोकळे करावेत. मदत पोचली असेल तर काम करावं, कारण त्या वळणावर दर वर्षी माणसं मरतात हे दाखवणारा पुरावाही कुणीतरी तयार करावा लागतो. प्रेताचा चेहरा मात्र पानावर येऊ नये. सकाळी आठ वाजता तो अंक त्याच्या घरी पोचतो.

आता पैशाचं आणि नावाचं बोलतो.

शिकाऊ छायाचित्रकाराला कॅमेरा स्वतःचा आणावा लागतो, पेट्रोल स्वतःचं घालावं लागतं, आणि मानधन मिळालं तर मिळालं. अनुभव मिळतोय हेच मानधन समज, असं मलाही सांगितलं गेलं होतं आणि आजही मुलांना सांगितलं जातं. महाराष्ट्र शासनानं २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली तेव्हा पदवीधर प्रशिक्षणार्थ्याला महिना दहा हजार रुपये विद्यावेतन ठरवलं. शिकणाऱ्या माणसाच्याही पोटाचा विचार करायचा असतो, हे तत्त्व सरकारनं मान्य केलं आहे. वृत्तपत्रांनी ते मान्य करायला अडचण काय? उपाशी शिकण्यानं कला वाढते, यावर माझा विश्वास नाही. चांगली मुलं दोन हंगाम काढतात आणि लग्नाच्या फोटोग्राफीकडे परत जातात, कारण तिथं दिवसाचे पैसे दिवसाला मिळतात. चंदगडचं, गगनबावड्याचं पोर असं निघून गेलं की त्या तालुक्याकडे बघणारा एक डोळा वृत्तपत्रानं गमावलेला असतो.

कायद्यानं या कामाची दखल कधीच घेतली आहे. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यातल्या व्याख्येत संपादक, वार्ताहर, मुद्रितशोधक यांच्या जोडीनं वृत्तछायाचित्रकार स्पष्टपणे घातलेला होता. १९५७ चा कॉपीराइट कायदा तर शिकाऊ माणसाचाही उल्लेख करतो. त्याचं कलम १७ सांगतं की वृत्तपत्राच्या मालकाकडे नोकरीत किंवा शिकाऊ म्हणून काम करताना छापण्यासाठी केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, वृत्तपत्र-नियतकालिकात छापण्यापुरता मालकाचा. बाकी सर्व बाबतींत तो काम करणाऱ्याचा. म्हणजे बातमीसाठी काढलेला तो फोटो उद्या पुस्तकात, प्रदर्शनात, दिनदर्शिकेत वापरायचा असेल तर आधी त्या पोराला विचारावं लागेल. आणि कलम ५७ प्रमाणे हक्क विकले तरी ‘हे काम माझं आहे’ असं म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. छायाचित्रावरचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. आज विशीत असलेल्या मुलीनं काढलेला पुराचा फोटो आयुष्यभर तिचा आहे, आणि तिच्यामागे साठ वर्षं तिच्या वारसांचा. पत्रकारितेच्या वर्गात हे एक कलम तरी पाठ करून घ्यावं.

नाव न छापण्यानं काय होतं, याचं उदाहरण आपल्या देशात आहे. होमाई व्यारावाला, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांची सुरुवातीची छायाचित्रं पतीच्या नावावर छापली गेली. त्यांनी नंतर एवढं काम केलं की इतिहासाला त्यांची दखल घ्यावीच लागली, आणि २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. ज्यांना तेवढं आयुष्य, तेवढी संधी मिळाली नाही, त्यांचं काय? आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या अंकांत फोटोखाली ‘छाया’ लिहून पुढं मोकळी जागा असलेली किंवा नुसतं कार्यालयाचं नाव असलेली पानं मी पाहिली आहेत. २००५ च्या पुराचे, टोल आंदोलनाचे, कुस्तीच्या मोठ्या मैदानांचे ते फोटो कुणी काढले हे सांगणारी माणसं आता हळूहळू कमी होत चालली आहेत.

नाव देऊन काम करता येतं, हेही दिसतंय. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या संकेतस्थळावर प्रत्येक छायाचित्राखाली काढणाऱ्याचं नाव असतं, आणि फोटोतल्या माणसाचं नाव, गाव, काम हेही असतं. आमच्या जिल्ह्यातल्या संकेत जैन यांनी तिथं कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतमजूर, कारागीर, आशा कार्यकर्त्यांवर केलेलं काम बघावं. निवेदनाच्या फोटोखाली नावं लिहायची ती जुनी शिस्त तिथं शेवटच्या माणसापर्यंत पोचलेली दिसते. रोजच्या दैनिकाला तेवढा अवकाश नाही, हे मला समजतं. एका ओळीला मात्र जागा नक्कीच आहे.

आणि हे सगळं टिकवायचं कुठं? जुन्या निगेटिव्ह लोखंडी कपाटांत चिकटून गेल्या. त्यानंतरच्या सीडी आता कुठल्या संगणकात उघडत नाहीत. हार्ड डिस्क बंद पडल्या. नवीन फोटो मोबाइलवरून येतात, पान लागलं की पुसले जातात. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत एकाच जागेवरून काढलेले फोटो शेजारी ठेवले तर पूररेषेच्या वादात कुठल्याही भाषणापेक्षा ते जास्त बोलतील. ते शेजारी ठेवायचे तर आधी सापडले पाहिजेत, आणि सापडायला तारीख, ठिकाण, नावं लिहिलेली पाहिजेत. शिवाजी विद्यापीठानं आणि इथल्या दैनिकांनी एकत्र येऊन जिल्ह्याच्या वृत्तछायाचित्रांचा संग्रह करावा. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी एकेका ज्येष्ठ छायाचित्रकाराशेजारी बसून त्याच्या जुन्या फोटोंतली माणसं, जागा, साल विचारून लिहून काढावं. याला फार पैसा लागत नाही. ती माणसं आहेत तोवर मात्र करावं लागेल.

संपादकांना माझी विनंती याहून लहान आहे आणि ती उद्याच्या अंकापासून अमलात आणता येईल. शिकाऊ मुलानं किंवा मुलीनं काढलेला फोटो छापताना त्याखाली त्याचं, तिचं पूर्ण नाव द्या. आणि महिनाअखेर तिच्या-त्याच्या हातात मानधन ठेवा.